मोबदला आणि ऋण

सरकारी नोकरीत काही वर्षे काढली की माणसाच्या हाताला एक सवय जडते. समोरचा आपली अडचण सांगत असतो आणि ती ऐकता ऐकताच आपल्या मनात तिचा मसुदा तयार होऊ लागतो. आम्हीही या सवयीला अपवाद नाही. आमच्या कचेरीतील एक वडीलधारे स्नेही, मूळचे नागपूरकडचे, निवृत्तीला थोडाच अवधी उरलेला, एके दिवशी दुपारच्या सुटीत एक पत्र घेऊन आमच्या टेबलापाशी आले. यमुनेपलीकडे एका प्राधिकरणाच्या योजनेत त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी भूखंड घेतला होता. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलून, घरातले सोने गहाण टाकून, एकेक हप्ता त्यांनी फेडला होता. आणि आता पत्र आले होते की, मूळ शेतकऱ्यांस वाढीव मोबदला द्यावा लागत असल्यामुळे आपल्या वाट्याची जादा रक्कम अमुक तारखेच्या आत भरावी. स्नेही संतापले होते. "तुझा हात चांगला आहे रे," ते म्हणाले, "एक कडक अर्ज लिहून दे. असा लिही की वाचणाऱ्याला उत्तर सुचता कामा नये."

आम्ही अर्ज लिहिला. इंग्रजीत, पाच परिच्छेदांचा, कलमवार. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाचा आशय असा होता: 'सदर जमिनीच्या मूळ खातेदारांस कायद्याप्रमाणे पूर्ण मोबदला अदा करण्यात आलेला असून, त्यांचा सदर जमिनीशी आता कोणताही संबंध उरलेला नाही.' हे वाक्य लिहिताना आम्हांस क्षणभरही विचार करावा लागला नाही. ते आपोआप उमटले. अशी वाक्ये कचेरीच्या हवेतच असतात. ती कोणी रचीत नाही, ती केवळ उतरवून घ्यावयाची असतात. स्नेह्यांना तेच वाक्य सर्वांत अधिक आवडले. त्या रात्री घरी परतताना मात्र ते वाक्य आमच्या मनात राहून राहून टोचू लागले. त्या टोचणीचा विचार करावा म्हणून हा लेख आहे.

टोचणीचे कारण सांगावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. दिल्लीत प्रथम आलो तेव्हा सरकारी निवासस्थान मिळेपर्यंत आम्ही मुनिरका गावात एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. 'गाव' म्हणावयाचे ते केवळ नावाला. हात लांब केला तर समोरच्या घराच्या भिंतीला लागावा एवढ्या अरुंद गल्ल्या, चार-पाच मजली इमारती, वर विजेच्या तारांचे जाळे, आणि खाली देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी व आमच्यासारखे कारकून. आमचे घरमालक जाट होते, सत्तरीच्या पलीकडचे. सारी गल्ली त्यांना ताऊजी म्हणे. आम्हीही म्हणत असू. संध्याकाळी ते दारात खाट टाकून हुक्का ओढीत बसत. एकदा त्यांनी आम्हांस विचारले, "बाबूजी, सरकारी घरासाठी अर्ज केलात तो कुठल्या वसाहतीत?" आम्ही रामकृष्णपुरमचे नाव सांगितले. ताऊजी हसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्या शेतात राहायला जाणार!"

मग ते बोलत राहिले. रामकृष्णपुरमची वसाहत आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ मुनिरक्याच्या व शेजारच्या गावांच्या शिवारावर उभी आहेत. ताऊजी तेव्हा लहान होते. पण विहीर कोठे होती, रहाट कोठे होता, कोणत्या तुकड्यात गहू होत असे आणि कोणत्यात केवळ बाजरी, हे त्यांना सारे आठवत होते. मोबदल्याचे पैसे आले, घरातल्या पुरुषांनी ते मोजले, काही लग्नांत गेले, काही पक्के घर बांधण्यात गेले. ताऊजींच्या स्मरणात मात्र दुसराच प्रसंग राहिला होता. कणगीतले धान्य संपले आणि वडिलांनी बाजारातून गव्हाचे पोते विकत आणले. त्या दिवशी त्यांची आजी जेवली नाही. कुणी काही बोलले नव्हते, भांडण झाले नव्हते. "तिला वाटलं, आपल्याकडे दुष्काळ पडला," ताऊजी म्हणाले. "शेतकऱ्याच्या घरात विकतचं धान्य दुष्काळातच येतं. तिला समजावून सांगता सांगता आमच्या आईची पुरेवाट झाली."

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. ताऊजी दरिद्री नव्हते. लालडोऱ्याच्या आत राहिलेल्या त्यांच्या घराचे चार मजले झाले होते आणि आमच्यासारख्या भाडेकऱ्यांकडून दर महिन्यास येणारी रक्कम आमच्या पगाराहून कमी नसावी. जमीन गेलेला प्रत्येक शेतकरी रस्त्यावर आला असे म्हणणे खोटे आहे. शहर ज्यांच्या अगदी दाराशी आले त्यांचे त्याने भले केले, असेही पुष्कळदा घडले आहे. तेव्हा आमच्यापुढील प्रश्न केवळ दारिद्र्याचा नाही. ज्याला पैसे मिळाले, ज्याचे पुढे बरेही चालले, त्याचाही त्या जमिनीशी असलेला संबंध आम्ही लिहिले त्याप्रमाणे खरोखर संपतो काय, हा प्रश्न आहे.

या नगरीचा इतिहास पाहिला तर ती एकाच शहराची नसून अनेक शिवारांची कहाणी आहे. इ. स. १९११ मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि रायसिना, मालचा इत्यादी गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आल्या. ज्या टेकडीवर सचिवालयाच्या इमारती उभ्या राहिल्या तिचे नाव तेवढे रायसिना गावाची आठवण ठेवून आहे. स्वातंत्र्य आले, पण कायदा तोच राहिला. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १३ नोव्हेंबर १९५९ रोजी एकाच अधिसूचनेने ३४,०७० एकर जमीन 'दिल्लीच्या नियोजित विकासासाठी' संपादनाच्या कक्षेत आणली गेली. त्यातली सारीच जमीन पिकाऊ होती असे नाही. तथापि पिकाऊ जमीन त्यात थोडी नव्हती. विशेष हे की, याच काळात, १९५६ पासून, भारत सरकार अमेरिकेकडून पीएल ४८० च्या करारान्वये गहू आणीत होते. म्हणजे एका मंत्रालयात गव्हाच्या बोटींची वाट पाहिली जात होती आणि दुसऱ्या कार्यालयात गव्हाच्या शेतांची यादी टंकलिखित होत होती. दोन्ही ठिकाणी आमच्यासारखेच कारकून बसलेले असणार, आणि दोघांनीही आपापले काम चोख केले असणार.

पुढे दिल्लीला दिल्ली पुरेना. १७ एप्रिल १९७६ रोजी उत्तर प्रदेशाने नोएडाची स्थापना केली; १९९१ मध्ये ग्रेटर नोएडा आले; मग आग्र्यापर्यंतचा १६५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आला आणि त्याच्या दोहों बाजूंची गावे नकाशावर रंगविली गेली. हा गंगायमुनांच्या मधला दुआब. कालव्याचे व विहिरीचे पाणी असलेली, वर्षास दोन पिके देणारी ही माती. येथे जमिनी घेताना बहुधा १८९४ च्या कायद्यातील १७ वे कलम लावले जाई. हे कलम निकडीचे. ते लावले की ५-अ कलमाखालची सुनावणी टाळता येते. म्हणजे शेतकऱ्याने 'माझी जमीन का घेता?' एवढे विचारण्याचीही सोय उरत नाही. पूर, भूकंप अथवा तशाच अणीबाणीच्या प्रसंगी समजण्यासारखी ही तरतूद येथे नित्याची होऊन बसली. निकड म्हणून सुनावणी नाकारावयाची आणि मग जमीन वर्षानुवर्षे तशीच ठेवावयाची, अथवा 'नियोजित औद्योगिक विकासा'साठी घेतलेली जमीन घरबांधणी करणाऱ्या व्यावसायिकांस द्यावयाची, असे प्रकार घडले. ७ मे २०११ रोजी भट्टा-पारसौल येथे शेतकरी व पोलीस यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची मिळून चार माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी ६ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाहबेरी गावातील १५६ हेक्टरांचे संपादन रद्द ठरविले. आणि २१ ऑक्टोबर रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तीन गावांतील संपादन रद्द करून, इतर बहुतेक गावांतील संपादन तेथे उभ्या राहिलेल्या बांधकामांमुळे कायम ठेवले. मात्र शेतकऱ्यांस ६४.७ टक्के वाढीव मोबदला आणि संपादित जमिनीच्या दहा टक्के विकसित भूखंड द्यावा असे सांगितले. आमच्या स्नेह्यांस आलेल्या पत्राचे मूळ या मार्गाने निघालेल्या निर्णयांत होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रजेची जमीन घेण्याचा अधिकार राज्याला कोठून येतो? हा प्रश्न इंग्रजांनी आणलेला नाही. जैमिनीच्या पूर्वमीमांसेत विश्वजित् यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानाने सर्वस्वाचे दान करावयाचे असते. यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने सारी पृथ्वीच दान करावी काय? मीमांसकांचे उत्तर नकारार्थी आहे. पृथ्वी सर्वांस सारखीच आहे. राजा रक्षण करतो म्हणून पिकाच्या अंशाचा तो धनी. शेताचा धनी तो नव्हे. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी 'व्यवहारमयूख' या ग्रंथात हाच विचार मांडला आहे: जिंकलेल्या प्रदेशातही राजास कर घेण्याचा अधिकार प्राप्त होतो, शेते ज्याची त्याचीच राहतात. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, पोटापाण्यासाठी व विद्येसाठी उत्तरेत जाऊन राहिलेले. दूर देशी राहून आपल्या माणसांसाठी लिहिणाऱ्या त्या पूर्वजाचे हे मत आम्हां दिल्लीकर मराठी मंडळींना विशेष जवळचे वाटावयास हरकत नाही.

अर्थात मीमांसेवर आजचे राज्य चालत नाही आणि चालूही नये. रस्ता, कालवा, रुग्णालय यांसाठी कोणाची तरी जमीन घ्यावीच लागते. एकाच्या नकाराने हजारांचे पाणी अडावे हे न्यायाचे नाही. घटनेच्या ४४ व्या दुरुस्तीने, १९७८ मध्ये, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला गेला, तोही काही केवळ जुलूम करण्यासाठी नव्हे. परंतु मीमांसकांच्या उत्तरातून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. राजाचा अधिकार रक्षणाच्या कर्तव्यातून निर्माण होतो आणि त्याच्या मर्यादेतच राहतो. ज्या क्षणी घेणारा 'मी रक्षणासाठी घेतो' हे दाखवू शकत नाही, त्या क्षणी घेण्याचा अधिकार संपतो. 'सार्वजनिक प्रयोजन' या शब्दांचा खरा अर्थ हाच असला पाहिजे. एकाकडून सक्तीने एका भावाने घ्यावे आणि दुसऱ्यास अनेक पट भावाने विकावे, यात प्रयोजन असेल. ते सार्वजनिक आहे हे सिद्ध करावे लागेल.

आता अन्नाचा विचार. शेतकऱ्यांची बाजू घेणारे पुष्कळ लोक म्हणतात की अशा रीतीने शेते जात राहिली तर देश उपाशी मरेल. आकडे इतक्या सरळ रीतीने हे सांगत नाहीत. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे पाच कोटी टन अन्नधान्य पिकले. आता ते तीस कोटी टनांच्या वर गेले आहे. पेरणीखालील निव्वळ क्षेत्र १९७० च्या सुमारापासून चौदा कोटी हेक्टरांच्या आसपासच आहे. तेव्हा नोएडाची शेते गेली म्हणून दिल्लीच्या शिधावाटप दुकानात गहू आला नाही असे झालेले नाही. खोट्या भीतीवर खरा युक्तिवाद उभारू नये.

पण या आकड्यांच्या पोटात शिरले पाहिजे. क्षेत्र तेवढेच राहून उत्पादन सहा पट झाले ते सुधारित बियाण्याने, खताने आणि फार मोठ्या प्रमाणावर जमिनीखालच्या पाण्याने. पंजाब-हरियाणात पावसाने जेवढे पाणी मुरते त्याहून अधिक उपसले जाते. म्हणजे दुआबातले एक ओलिताचे शेत आम्ही काँक्रीटखाली घालतो तेव्हा त्या शेताचा भार दुसऱ्या कोठल्या तरी शेतावर, दुसऱ्या कोठल्या तरी विहिरीवर टाकतो, आणि ती विहीर भरवशाची नाही. शिवाय शेते गेली ती कोणती, हेही पाहिले पाहिजे. शहरे नद्यांच्या काठी वसली, कारण तेथे पाणी व सुपीक माती होती. ती वाढतात तेव्हा प्रथम तीच माती खातात. एकूण क्षेत्र कायम राखण्यास दुसरीकडे माळरान नांगराखाली आणले तर कागदावर बेरीज जुळते, पण माळरानाचा हेक्टर आणि दुआबाचा हेक्टर हे एकच नव्हेत. आणि मुख्य म्हणजे हा व्यवहार उलट फिरत नाही. पीक बुडाले तर पुढच्या वर्षी येते. इमारतीखाली गेलेली माती कित्येक पिढ्यांत परत मिळत नाही. ज्या निर्णयाची दुरुस्ती करता येत नाही तो निर्णय निकडीचे कलम लावून घ्यावा, हे तर विवेकाच्या अगदीच विरुद्ध आहे.

अन्नाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो ताऊजींच्या आजीने आम्हांस शिकविला. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून दाखविले की, माणसे उपाशी मरतात ती पुष्कळदा देशात धान्य नसते म्हणून नव्हे, तर त्या धान्यावर त्यांचा अधिकार उरत नाही म्हणून. शेत असलेल्या माणसाचा अन्नावर जो अधिकार असतो तो बाजाराच्या आधीचा असतो. भाव चढो वा उतरो, कणगीत जे आहे ते त्याचे आहे. शेत गेले की तो आमच्यासारखा गिऱ्हाईक होतो. आम्हांला महिन्याच्या अखेरीस पगार व महागाई भत्ता मिळतो. त्याला काय मिळते? एकदाच मिळालेली रक्कम. ती रक्कम पोटात दाणा टाकत नाही, ती फक्त खर्च होते. देशाचे कोठार भरलेले असताना एका घराचे कोठार कायमचे रिकामे होते, हीसुद्धा अन्नपुरवठ्यातीलच घट आहे. ती कोणत्याही मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात दिसत नाही एवढेच.

आणि रक्कम मिळते ती तरी कोणास? येथे महाराष्ट्राचा अनुभव आठवावा. १९२१ मध्ये मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी जमिनी घेतल्या जाऊ लागल्या तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. भाताच्या त्या खाचरांवर मावळे पिढ्यान् पिढ्या राबत होते. पण बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण अथवा त्यांच्या नावे होती. भरपाई चांगली मिळणार असे दिसताच त्यांचा विरोध मावळला. ज्याचे नाव कागदावर, त्याला पैसे; ज्याचा घाम मातीत, त्याला धरणाचे पाणी. उत्तरेत हेच बटाईने शेत करणाऱ्याचे, मजुराचे, गावच्या लोहार-सुताराचे झाले. १८९४ च्या कायद्याने त्यांना जवळजवळ पाहिलेच नाही. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने प्रथमच, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर मुख्यत्वे उपजीविका करणाऱ्या बिनजमिनीच्या कुटुंबांसही बाधित मानले. फार मोठी सुधारणा ही. परंतु बटाई तोंडी असते. तिची नोंद ना खतौनीत, ना सातबारावर. पुरावा मागणारा कारकून आणि पुरावा नसलेला माणूस टेबलाच्या दोन बाजूंस उभे राहिले, की कायद्यातील सुधारणा कोणाच्या मनगटावर अवलंबून राहते हे आम्हां मंडळींस सांगावयास नको.

याच कायद्याच्या दहाव्या कलमात अन्नसुरक्षेसाठी खास तरतूद आहे. ओलिताची, एकाहून अधिक पिके देणारी जमीन घेऊ नये. घ्यावयाचीच झाली तर अन्य सर्व उपाय खुंटल्यावर, अखेरचा उपाय म्हणून घ्यावी. आणि तेवढीच पडीक जमीन लागवडीस आणावी, अथवा तेवढ्या किमतीची रक्कम शेतीसाठी जमा करावी. रेल्वे, महामार्ग, कालवे अशा रेषेसारख्या प्रकल्पांस यातून वगळले आहे. ३१ डिसेंबर २०१४ रोजी काढलेल्या अध्यादेशाने कित्येक वर्गांतील प्रकल्पांपुरती ही बंधने सैल केली होती. शेतकऱ्यांचा विरोध झाला आणि ३१ ऑगस्ट २०१५ रोजी तो अध्यादेश मुदत संपून गेला. तेव्हा 'अखेरचा उपाय' हे शब्द कायद्यात आज आहेत. पण अखेरचा म्हणजे कितवा? आधीचे उपाय कोणी शोधले, किती दिवस शोधले, कोणता पर्याय कोणत्या कारणासाठी टाकला, याची टिपणी फायलीत असेल तर त्या शब्दांस अर्थ आहे. नसेल तर जुन्या 'निकडी'सारखाच हाही एक रबरी शिक्का होईल.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. आक्षेप असा की, हे सारे लिहिणारे तुम्ही स्वतः कोठे राहता? दिल्लीत येणाऱ्या माणसाने आकाशात राहावे काय? शेतकऱ्याच्या मुलालाही शेत नको आहे, त्याला नोकरी हवी आहे. नोकरी कारखान्यात व कचेरीत असते आणि कारखाना व कचेरी जमिनीवरच उभी राहते. हे सर्व आम्हांस मान्य आहे. आम्ही राहतो ते निवासस्थान कोणाच्या तरी शिवारावर आहे आणि ते उद्या आम्ही सोडले म्हणून तेथे गहू उगवणार नाही. शेती सोडू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास शेतीत डांबून ठेवणे हाही एक जुलूमच. पण 'मी माझ्या इच्छेने विकतो' आणि 'माझे घेतले जाते' यांत फरक आहे. तो किमतीचा नाही; दुप्पट किंमत दिली तरी तो फरक राहतोच. कारण पहिल्यात नाही म्हणण्याची सोय आहे. आणि ज्याच्याकडून ती सोय काढून घेतली, त्याच्याशी आपला हिशेब बाजारातल्या हिशेबासारखा कधीच पुरा होत नाही.

आमच्या भाषेत याला वेगळा शब्द आहे, तो म्हणजे ऋण. मोबदल्याने खाते बंद होते. ऋणाने नाते राहते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही काही पैसे टाकून फिटत नाहीत. ती आचरणाने, जन्मभर, अंशाअंशाने फेडावयाची असतात. ज्यांची शेते आपल्या पायांखाली आहेत त्यांचे आपल्यावर अशा प्रकारचे ऋण आहे असे आम्हांस वाटते. हा केवळ भावनेचा शब्द नव्हे. त्याला व्यवहारात रूप देता येते. नवी मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींबाबत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या परिसरात गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ शेतकऱ्यांस परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. अलाहाबादच्या निर्णयातील दहा टक्के हे त्याच तत्त्वाचे भावंड आहे. त्याचा अर्थ एवढाच की, जमीन घेतल्यावर तिची किंमत जी वाढते त्या वाढीतही मूळ धन्याचा अंश आहे; म्हणजेच त्याचा 'सदर जमिनीशी' संबंध उरतो. आमच्या तिसऱ्या परिच्छेदातले वाक्य केवळ निष्ठुर नव्हते. ते चुकीचे होते.

हे ध्यानी आल्यावर आम्ही स्नेह्यांकडे गेलो. पहिल्या अर्जास उत्तर आले नव्हते आणि ते दुसरा पाठविण्याच्या विचारात होते. "काका," आम्ही म्हणालो, "तिसरा परिच्छेद गाळावा असे वाटते." त्यांना ते रुचले नाही. त्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते. "माझा यात काय अपराध? मी काही कुणाचं शेत हिसकावलं नाही. जाहिरात आली, अर्ज केला, चिठ्ठी निघाली, पैसे भरले. शेतकऱ्याला कमी दिलं ते दुसऱ्याने, आणि भरायचं मी?" खरोखर हेच या व्यवस्थेचे दुर्दैव आहे. एका बाजूस ज्याचे शेत गेले तो, दुसऱ्या बाजूस ज्याची जन्माची पुंजी गेली तो. दोघांना समोरासमोर उभे करून मधला निघून जातो. पुष्कळ बोलणे झाले. अखेर असे ठरले की, हा बोजा कोणी व किती उचलावा, आणि इतक्या वर्षांनंतर एकदम का मागावा, याबद्दलची तक्रार कायम ठेवावी. पण शेतकऱ्यांस वाढीव रक्कम मिळू नये असे ध्वनित करणारा एकही शब्द अर्जात असू नये. काकांनी स्वतः पेन्सिलीने तो परिच्छेद खोडला. खोडताना म्हणाले, "माझे आजोबाही कास्तकारच होते. एवढं तू नसतं सांगितलं तरी आज ना उद्या मला आठवलं असतं."

यातून फार मोठे काही साधले असे आम्ही म्हणत नाही. एका अर्जातून एक वाक्य गेले. पण आपणां कारकून मंडळींच्या हाती बहुधा एवढेच असते: एखादे वाक्य लिहिणे किंवा न लिहिणे. जमीन घेण्याचा निर्णय आपण करीत नाही. तो वर होतो. परंतु तो ज्या टिपणीवर होतो ती खालून वर जाते. 'निकड आहे' हे शब्द, 'पर्याय उपलब्ध नाही' हे शब्द, 'कोणीही हरकत घेतलेली नाही' हे शब्द कोणीतरी प्रथम टंकलिखित करतो. त्या वेळी त्याने खरोखर पर्याय पाहिला होता काय, हरकत घेण्यास कोणास बोलाविले होते काय, एवढे स्वतःस विचारणे हे ऋण फेडण्यास आरंभ करणे आहे. वरिष्ठ ती टिपणी बदलतील, बदलोत. फायलीत तिची प्रत राहते, आणि न्यायालये पुष्कळदा अशाच प्रतींवरून निर्णय देतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा मुनिरक्यास गेलो होतो. ताऊजी आता फारसे उठत नाहीत. आम्हांस रामकृष्णपुरममध्ये घर मिळाल्याचे त्यांना कळविले होतेच. त्यांनी घराचा नंबर विचारला, सेक्टर विचारला, आणि डोळे मिटून काही वेळ हिशेब करीत राहिले. मग म्हणाले, "तिथे हरभरा होत असे. चांगला होत असे." आम्ही मान हलविली. निघताना त्यांनी आम्हांस सांगितले की, अंगणात जागा असेल तर काहीतरी लावा. माती अजून चांगली असेल. आमचे निवासस्थान दुसऱ्या मजल्यावर आहे. तरीही परतताना हरभऱ्याचे मूठभर दाणे घेतले आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांस विचारून त्यांच्या कुंपणाकडेला टाकले. ते उगवले.